मु. पो. पार्सल लॉकर

गेल्या वर्षी ऑक्टोबरात मी मुलीकडे जर्मनीला गेलो होतो. ती माइन्झपासून गाडीने अर्ध्या तासावरच्या एका लहान गावात राहते. तिसऱ्या दिवशी सकाळी पाव आणायला बाहेर पडलो, तर कोपऱ्यावरच्या बंद पडलेल्या किराणा दुकानाच्या आवारात दोन माणसे एक पत्र्याची भिंत मोकळी करत होती. ही भिंत म्हणजे पार्सलचे लॉकर. आपल्याकडे बँकेच्या तळघरात असतात तसे लहानमोठे कप्पे, पण उघड्यावर, रस्त्याच्या कडेला. कुरियरवाला पार्सल कप्प्यात टाकून जातो, तुम्हाला मोबाइलवर संकेत येतो, आणि तुम्ही रात्री दोन वाजता गेलात तरी तुमच्यापुरते एक दार उघडते.

मी पाव विसरलो आणि तिथेच उभा राहिलो. त्याला कारण आहे. माझी उमेद भोसरीच्या औद्योगिक वसाहतीत पत्र्याची कपाटे आणि विजेची पॅनेल्स बनवण्यात गेली. पत्रा वाकवणे, दारे बसवणे आणि ती बंद होत नाहीत म्हणून गिऱ्हाइकाच्या शिव्या खाणे, हा माझा व्यवसाय. दुसरीकडे गेली बावीस वर्षे मी टपालाचा इतिहास जमेल तसा वाचतो आहे. त्यातली पदवी माझ्याकडे नाही. सुरुवात तिकिटांपासून झाली, मग शिक्के, मग टपाल कार्यालये, आणि आता पत्ता या गोष्टीपाशी येऊन थांबलो आहे. पत्रा आणि पत्ता हे माझे दोन्ही विषय एकाच गाडीवर चढवले जात असलेले मी त्या सकाळी प्रथमच पाहिले.

तेवढ्यात मुलीच्या शेजारच्या बाई आल्या. वय ८३, हातात चाकांची आधारगाडी. त्यांनी त्या माणसांना काहीतरी विचारले, त्यांनी हाताने लांब दाखवले. बाई थोडा वेळ त्या दिशेला बघत राहिल्या आणि वळून घरी गेल्या. काय बोलणे झाले ते मला संध्याकाळी मुलीने सांगितले. बाईंनी विचारले होते, "आणि मी तिथे कशी जाऊ?"

या यंत्रांचा इतिहास फार जुना नाही. जर्मन टपाल कंपनीने २००१मध्ये डॉर्टमुंड आणि माइन्झ या दोन शहरांत असे लॉकर पहिल्यांदा करून पाहिले. त्यांना ‘पाकस्टात्सिओन’ म्हणतात. यंत्रे ऑस्ट्रियातल्या लिंझ गावच्या केबा या कारखान्यात बनलेली होती. आज एकट्या त्या कंपनीची संख्या पंधरा हजारांच्या घरात आहे, शिवाय इतर कंपन्यांचे लॉकर वेगळे. पोलंडने २००९मध्ये सुरुवात केली आणि जर्मनीला मागे टाकले. तिथे एकाच कंपनीचे वीस हजारांहून अधिक लॉकर आहेत. तिचे ‘पाच्कोमात’ हे नाव आपल्या ‘झेरॉक्स’सारखे कुठल्याही लॉकरला चिकटले आहे. अॅमेझॉन २०११मध्ये या धंद्यात उतरली. कारण सगळ्यांचे एकच आहे. घरोघर जाऊन बेल वाजवायची, घरात कोणी नाही म्हणून पार्सल परत न्यायचे आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा यायचे, यात कुरियरचा जीव जातो. त्याऐवजी एका थांब्यावर पन्नास पार्सले टाकून तो मोकळा होतो. उरलेले अंतर गिऱ्हाईक चालते. हे शेवटचे वाक्य जाहिरातीत सहसा नसते.

लॉकर बसवण्यावर बरेच लिहिले गेले आहे. बसवलेले लॉकर हलवण्यावर मला फारसे काही वाचायला मिळाले नाही. खरे तर ते हलतात. जागा कंपनीची नसते, भाड्याची असते, बहुतेक वेळा दुकानाच्या किंवा पेट्रोल पंपाच्या आवारातली. दुकान बंद पडले, जागा विकली गेली, करार संपला, रात्री गाड्यांची दारे आपटतात म्हणून वरच्या मजल्यावरच्यांनी तक्रार केली, किंवा नुसते पुरेसे पार्सल येईनासे झाले, की लॉकरला मुक्काम सोडावा लागतो. आम्ही पाहिले ते किराणा दुकान पाडून तिथे घरे होणार होती.

कधी रहिवासीच लॉकरला उठवू पाहतात. चीनमध्ये फंगचाओ नावाच्या कंपनीचे लॉकर वसाहतींच्या आवारात आहेत. ३० एप्रिल २०२० पासून कंपनीने नियम केला, की पार्सल बारा तासांच्या आत उचलले नाही तर पुढच्या दर बारा तासांना अर्धा युआन द्यायचा, जास्तीत जास्त तीन युआन. रक्कम क्षुल्लक होती. पण हांगझौमधल्या एका वसाहतीने, आमच्या आवारात आमच्याच जागेवर उभे राहून आमच्याकडूनच भाडे घेता काय, म्हणून सरळ लॉकरची वीज तोडली. शांघायच्या एका वसाहतीने जाहीर पत्र काढले. बातमी देशभर झाली, टपाल खात्याने लक्ष घातले आणि फुकट मुदत अठरा तासांची झाली. पत्र्याच्या पेटीला जागेचा मालक असतो, हे त्या वीज तोडण्याने सगळ्यांना कळले.

आता प्रत्यक्ष हलवण्याकडे येतो, कारण मला खरा रस तिथेच होता. त्या दोन माणसांपैकी थोरला मूळचा पोलंडचा निघाला. दुपारी मुलगी दुभाषी म्हणून आली तेव्हा तो मोकळेपणाने बोलला. मी पत्र्यातला माणूस आहे हे कळल्यावर तर त्याने मला दाराच्या बिजागऱ्याच दाखवायला घेतल्या.

पहिली गोष्ट त्याने सांगितली, की पान्हा हातात घेण्याच्या कितीतरी आधी काम सुरू होते, आणि ते संगणकावर होते. लॉकरला आधी ‘उपाशी’ ठेवावे लागते. (शब्द माझा.) त्यांच्याकडे पार्सल सात दिवस कप्प्यात राहू शकते, तेव्हा हलवण्याच्या किमान आठवडाभर आधी नवी पार्सले घेणे बंद करायचे. रोज एकेक कप्पा रिकामा होत जातो. शेवटच्या दिवशी जे उरेल ते हाताने काढून, नोंद करून, जवळच्या दुकानातल्या खिडकीवर पाठवायचे. हे नीट झाले नाही तर कोणाचे तरी पार्सल कपाटासकट गावाबाहेर जाते. तसे एकदा झाल्याचे तो हसत म्हणाला. कुठे ते मी विचारले नाही.

मग वीज. मुख्य वाहिनी दुकानाच्या मीटरवरून आलेली होती, तेव्हा दुकानाच्या विजेच्या माणसाने येऊन ती सोडवून, तोंड बंद करून दिल्याशिवाय यांना हात लावता येत नाही. इंटरनेटची मात्र केबल नसते, मोबाइलसारखे सिमकार्ड असते. त्यामुळे नव्या जागी जाऊन पहिली तपासणी सिग्नलची होते. तळघरातल्या पार्किंगमध्ये किंवा जाड काँक्रीटच्या आडोशाला लॉकर का दिसत नाहीत, त्याचे हे एक साधे कारण आहे.

त्यानंतर कपाट. बाहेरून एकसंध दिसणारी भिंत प्रत्यक्षात उभ्या खणांची बनलेली असते. आम्ही पाहिले त्यात चार खण होते. एकात पडदा आणि मेंदू, बाकीचे त्याच्या हुकमाने चालणारे. खण एकमेकांना आतून बोल्टने जोडलेले आणि खाली जमिनीत अँकर बोल्टने ठोकलेले. एकेक खण माझ्या अंदाजाने दीडशे-दोनशे किलोचा. आधी छपराची पट्टी काढली, मग खणांमधल्या वायरींचे जोड सोडवले, प्रत्येकावर चिकटपट्टी लावून आकडा लिहिला, आणि मग ट्रकवरच्या छोट्या क्रेनने एकेक खण उभाच्या उभा उचलला. आडवा करायचा नाही. आडव्या खणात दारांचे वजन बिजागऱ्यांवर चुकीच्या बाजूने येते आणि पत्रा किंचित पिळतो. हे मला कोणी सांगायची गरज नव्हती. भोसरीहून नाशिकला आडवी पाठवलेली सहा पॅनेल्स मी एकदा स्वखर्चाने परत आणली आहेत.

खरी परीक्षा नव्या जागी असते. घरातले कपाट जरा कलले तर आपण पायाखाली पुठ्ठ्याची घडी सारतो आणि दार गुडघ्याने ढकलतो. लॉकरच्या दाराला गुडघा लावणारा कोणी नसतो. प्रत्येक दाराच्या कुलपात एक जाणीवयंत्र असते, दार पूर्ण बंद झाले की नाही हे ते मेंदूला कळवते. खणाचे दोन कर्ण मोजल्यावर त्यांत दोन-तीन मिलिमीटरचा फरक आला, म्हणजे चौकट गुण्यातून गेली, की वरच्या कोपऱ्यात दार घासते, जीभ पूर्ण बसत नाही, आणि यंत्र समजते की हा कप्पा उघडाच आहे. मग तो कप्पा वापरातून बाद होतो. सगळे नवे-कोरे, आणि साठातली नऊ दारे कामाबाहेर! पाया सपाट नसेल तर असेच होते. म्हणून पायांखालचे स्क्रू फिरवून, कमी पडेल तिथे पत्र्याच्या पट्ट्या सारून, दर खणाला पाणपट्टी लावून मगच बोल्ट आवळायचे. बोल्टही एकदम नाही, आळीपाळीने, थोडे थोडे. तो पोलिश कारागीर प्रत्येक फेरीनंतर दोन दारे उघडमीट करून बघत होता. आमच्याकडचा एखादा जुना फिटर बघितल्यासारखे वाटले.

पायाची एक अडचण मात्र आपल्याकडे कळणार नाही. तिथे हिवाळ्यात जमिनीतले पाणी गोठते, फुगते आणि वरचे काँक्रीट उचलते. वसंतात ते खाली बसते, पण होते तसेच बसेल असे नाही. म्हणून कायमच्या बांधकामाचा पाया साधारण ८० सेंटीमीटर खोल नेण्याचा तिथे प्रघात आहे. लॉकरसाठी इतके खोदणे परवडत नाही, तेव्हा खडी दाबून घट्ट केलेल्या थरावर तयार काँक्रीटचा जाड तुकडा टाकतात. ऑक्टोबरात पाणपट्टीवर बरोबर बसलेले लॉकर मार्चमध्ये बरोबर असेलच याची खात्री तो कारागीरही देईना. "मार्चमध्ये परत येऊन बघतो," एवढेच म्हणाला.

शेवटी सगळी दारे एकामागून एक उघडून बंद करून पाहायची आणि मग यंत्राला त्याचा नवा ठावठिकाणा सांगायचा. माझ्या लेखी या सगळ्या प्रकरणाचा गाभा इथे आहे.

पत्ता म्हणजे न हलणाऱ्या जागेचे नाव, असे आपण धरून चालतो. आपली पिनकोड पद्धत श्रीराम भिकाजी वेलणकर या मराठी माणसाने आखली आणि १५ ऑगस्ट १९७२ रोजी ती सुरू झाली. वेलणकर संस्कृतचे कवीही होते. त्यांच्या सहा आकड्यांतला पहिला आकडा विभागाचा, दुसरा उपविभागाचा, तिसरा छाननी जिल्ह्याचा, आणि शेवटचे तीन थेट एका टपाल कार्यालयाचे. ४११०२६ म्हटले की पत्र भोसरी औद्योगिक वसाहतीच्या पोस्टात येऊन पडणार. त्यापुढचे दार पोस्टमन शोधतो. यंत्र जिथे थांबते तिथून माणूस पुढे जातो, अशी त्या रचनेची वाटणी आहे. ‘मु. पो.’ या आपल्या जुन्या दोन अक्षरांतही तीच वाटणी दिसते, मुक्काम वेगळा आणि पोस्ट वेगळे.

लॉकरमध्ये या दोन्ही गोष्टी एक होतात. जर्मनीत पाकस्टात्सिओनवर पार्सल मागवायचे तर घराच्या पत्त्याऐवजी आपले नाव, आपला ग्राहक क्रमांक, मग ‘पाकस्टात्सिओन अमुक’ आणि गावाचा पाच आकडी कोड लिहितात. पोलंडच्या लॉकरना शहराच्या नावातली तीन अक्षरे आणि पुढे आकडा असे नाव असते. म्हणजे पत्र्याचे कपाट हाच हजारो लोकांचा पत्ता. कपाट उचलले की हजारो लोकांनी एकदम घर बदलल्यासारखे होते, फक्त त्यांनी स्वतः काहीच केलेले नसते. जर्मनीने असा प्रकार एकदा मोठ्या प्रमाणावर केलेला आहे. दोन्ही जर्मनी एक झाल्यावर १ जुलै १९९३ला साऱ्या देशाचे टपाल कोड एका दिवसात बदलले. पण त्याआधी कितीतरी महिने जाहिराती चालल्या होत्या आणि घरोघर नव्या कोडांचे जाडजूड पुस्तक दिले होते. लॉकर हलतो तेव्हा एक इ-मेल येते.

शेजारच्या बाईंचे नेमके तिथेच अडले. त्या लोकर मागवतात. मोजे, टोप्या विणतात, नातवंडांना आणि चर्चच्या विक्रीला देतात. लोकरीच्या दुकानाच्या संकेतस्थळावर त्यांचा लॉकर कितीतरी वर्षांपासून भरून ठेवलेला होता. लॉकर हलणार असल्याची इ-मेल गेली ती त्यांच्या दिवंगत यजमानांच्या पत्त्यावर, कारण खाते त्यांनी उघडून दिलेले. दुकानाने नेहमीप्रमाणे जुन्या लॉकरच्या नावाने पार्सल सोडले. त्या नावाचे लॉकर आता यंत्रणेत नव्हते, तेव्हा पार्सल अडीच किलोमीटरवरच्या एका दुकानाच्या खिडकीवर जाऊन बसले. त्याचीही सूचना यजमानांनाच गेली. पाचव्या दिवशी माझ्या मुलीने फोनवर फोन करून ते शोधून काढले आणि सायकलने आणले. मी कंपनीचे नाव लिहीत नाही. तिथे अनेक कंपन्यांचे लॉकर आहेत आणि यात कोणी मुद्दाम वाईट वागले असे मला वाटत नाही. चूक शोधायला गेलो तर ती कोणाच्याच टेबलावर सापडत नाही, एवढेच.

दुसऱ्या दिवशी मी अंतर चालून मोजले. बाईंच्या दारापासून जुने लॉकर माझ्या २८० पावलांवर, सपाट फरसबंदीवर. नवे ९९० पावलांवर, महामार्गाच्या तोंडाशी पेट्रोल पंपावर, त्यात शेवटचा टप्पा चढाचा आणि एका बाजूला पदपथ नाही. मोटारवाल्याला ही जागा आधीच्यापेक्षा सोयीची आहे. कुरियरच्या गाडीलाही. नकाशावर दोन टिंबांमधले अंतर मोजणाऱ्याला चढ दिसत नाही, आणि जे वापरतात त्यांचीच मोजदाद होत असल्यामुळे जे वापरायचे सोडून देतात ते आकड्यांतून आपोआप गळतात. बाईंनी वापरणे सोडले, याची नोंद ‘या भागात मागणी घटली’ अशी होणार.

आतापर्यंत हे खासगी कंपनीचे खासगी कपाट म्हणून सोडून देता आले असते. पण जुलै २०२४मध्ये जर्मनीचा नवा टपाल कायदा लागू झाला. तिथे टपाल सेवा देणाऱ्या कंपनीवर किमान किती कार्यालये ठेवायची याचे बंधन आधीपासून आहे. देशभरात बारा हजार, आणि दोन हजारांहून जास्त वस्तीच्या गावात एक तरी. नव्या कायद्याने मुभा दिली, की नियामक संस्थेच्या परवानगीने अशा कार्यालयाच्या जागी स्वयंचलित यंत्र चालेल. म्हणजे काही गावांत हे कपाट हेच पोस्ट ऑफिस होणार. मग त्याचा मुक्काम कोणाला विचारून हलवायचा, किती पावले जास्त झाली तर चालतील, हे प्रश्न गावाचे होतात. उलट पोलंडमध्ये २०२०च्या सुधारणेपासून तीन मीटरपर्यंत उंचीच्या अशा यंत्राला बांधकाम परवान्याची गरज राहिली नाही. एटीएम आणि तिकीट यंत्रांच्या रांगेत त्याला बसवले आहे. पोलंडमध्ये लॉकर इतके वेगाने का पसरले, याच्या कारणांत मी या एका ओळीला वरचे स्थान देईन.

तंत्र तर हलवणे आणखी सोपे करत चालले आहे. चेक प्रजासत्ताकातल्या एका कंपनीचे लॉकर विजेच्या जोडणीशिवाय, बॅटरी आणि सौर पट्टीवर चालतात. पडदा नाही, फोनवरूनच दार उघडते. जर्मनीतही पडदा नसलेले, ब्लूटूथने फोनशी बोलणारे लॉकर बसू लागले आहेत. केबल नाही, मीटर नाही, विजेचा माणूस नाही. कारागीर म्हणून मला हे फार आवडले. सगळ्यात जास्त वीज आणि सगळ्यात जास्त बिघाड पडद्यातच असतो, तो काढून टाकणे ही हुशारी आहे. पण स्मार्टफोन नसलेल्या माणसासाठी ते पडदा नसलेले लॉकर म्हणजे नुसती पत्र्याची भिंत. तिथल्या वृद्धांच्या आणि ग्राहकांच्या बाजूने बोलणाऱ्यांनी ही तक्रार केलेलीच आहे. पोलंडमध्ये वर हात न पुरणाऱ्यांसाठी खालच्या बाजूचा, सहज पोचेल असा कप्पा मागून घेण्याची सोय आहे. साधी गोष्ट आहे, पण ती करताना कोणीतरी चाकाच्या खुर्चीवर बसून हात वर करून पाहिला असणार.

आपल्याकडे टपाल खात्याने कोलकात्याला, सॉल्ट लेकच्या माहिती-तंत्रज्ञान वसाहतीतल्या पोस्टात २०२१मध्ये असे लॉकर बसवून पाहिले. फार पसरले नाहीत, आणि मला त्याचे नवल वाटत नाही. आपल्या सोसायटीच्या फाटकावर वॉचमन असतो, समोर इस्त्रीवाला असतो, खाली किराणावाला असतो. "काकूंचं पार्सल आहे, ठेवा" एवढ्यावर काम होते. हा जिवंत लॉकर आहे आणि त्याचे भाडे आपण क्वचितच देतो. आमच्या सोसायटीत वॉचमनची केबिन तीनदा हलली. तिन्ही वेळा पार्सले बरोबर त्याच्यापाशी पोचली, कारण कुरियरची मुले केबिन शोधत नव्हती, त्याला शोधत होती.

नोव्हेंबरात मी परत आलो. डिसेंबरात मुलीचा फोन आला तेव्हा मी आधी लॉकरचेच विचारले. पेट्रोल पंपावरचे लॉकर व्यवस्थित चालू होते. जुन्या जागी पत्र्याचे कुंपण लागले होते. कापलेल्या बोल्टची डोकी तशीच राहिली होती, त्यात पाडकाम करणाऱ्याचा टायर फाटला म्हणे.

"आणि आजींची लोकर?" मी विचारले.

"माझ्या पत्त्यावर येते, बाबा," ती म्हणाली. "त्यांच्या नावाखाली माझं नाव लिहितात. आपण ‘द्वारा’ लिहितो ना, तसंच."